कुडाळकरांचा मुंबईप्रवेश : धक्क्यापासून बिऱ्हाडापर्यंत

मराठी माणूस गाडीतून उतरतो आणि परगावी कोणाच्या तरी घरीही उतरतो. 'दादरला उतरलो' आणि 'मावशीकडे उतरलो' ह्या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या संस्कृत 'उत् + तॄ' ह्या धातूत पाणी ओलांडून पार होण्याचा अर्थ आहे. नदीला 'उतार' मिळतो तो ह्याच अर्थाने, आणि 'उतारू' हा शब्दही त्याच कुळातला होय. ही सोय हिंदी-गुजरातीलाही आहे, तेव्हा तिच्यात मराठीचे काही खास वैशिष्ट्य शोधण्याचे कारण नाही. परंतु ह्या दोन उतरण्यांच्या मध्ये जे अंतर पडते, म्हणजे स्थानक किंवा धक्का सोडल्यापासून बिऱ्हाडाच्या उंबरठ्यापर्यंतचे, त्याला आपल्या व्यवहारात वेगळे नाव पडलेले नाही. नवख्या प्रवाशाला सर्वांत जोखमीचा वाटणारा टप्पा असा निनावी का राहिला, ह्याचे उत्तर कुडाळ परिसरातून मुंबईस गेलेल्या माणसांच्या इतिहासात बरेचसे सापडते.

कुडाळ प्रत्यक्ष समुद्रावर नाही. सावंतवाडी संस्थानात मोडणारे हे गाव १९४८ च्या विलीनीकरणानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ओरोस हे ह्याच तालुक्यात आहे. आगबोटींच्या काळी येथील माणूस वेंगुर्ल्यास किंवा मालवणास जाई, होडीतून बोटीवर चढे आणि मुंबईस भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवी. पावसाळ्यात बोटी बंद पडत. तेव्हा घाट चढून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागे आणि तेथून आगगाडीने पुढे जावे लागे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ह्या गृहस्थांना लोक 'भाऊ' म्हणत, म्हणून त्यांनी बांधलेला तो 'भाऊचा धक्का'. मुंबईच्या पहिल्याच भूमीला नात्याचे नाव असावे, हा योगायोग असला तरी मला तो अर्थपूर्ण वाटतो. आगगाडीने आलेला मनुष्यही एका अर्थाने बंदरावरच उतरे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्यास निघाली ती बोरीबंदराहून, आणि पुढे तेथे उभ्या राहिलेल्या भव्य स्थानकाला सरकारने व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले तरी मराठी लोकांच्या तोंडी 'बोरीबंदर' हेच नाव पुष्कळ काळ राहिले.

ह्या बंदरापासून पुढचे अंतर नकाशाने तोडले जात नसे, माणसाने तोडले जाई. आधी पत्र जाई. अमुक बोटीने येत आहे, कोणास तरी धक्क्यावर पाठवावे, एवढाच त्याचा मथितार्थ. धक्क्यावर आलेल्याने नवख्याला पाहिलेले असेच असे नाही. मग 'कोणाचो झील तू?' ह्या मालवणी प्रश्नाने ओळख पटविली जाई. बापाचे नाव, वाडी आणि ग्रामदेवता ही तीन उत्तरे जुळली की पेटी दुसऱ्याच्या हाती देण्यास हरकत नसे. पुढे ट्रामने किंवा पायी लालबाग-परळ गाठावयाचे आणि गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकावयाची. (मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली.) गिरणगावातील अशा खोलीचे भाडे एका गावचे लोक मिळून भरीत. पाळीप्रमाणे कामावर जाणारे जात, रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरे झोपत, आणि जेवण जवळच्या खानावळीत होई. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची धोबीतलाव भागातील 'कुडे' हीही ह्याच जातीची व्यवस्था. नवख्याने रात्र कोठे काढावी हा प्रश्न तो घरून निघण्यापूर्वीच सुटलेला असे, आणि म्हणूनच मधल्या वाटेला नाव देण्याची गरज भासली नाही.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची कुंपणे विसरता येत नाहीत. खोली गावाची असे, तशीच ती बहुधा जातीचीही असे. ज्यांच्या जातीची खोली मुंबईत नव्हती त्यांना 'कोणाचो?' ह्या प्रश्नाचे उत्तर देऊन आसरा मिळत नसे, उलट तो नाकारला जाण्याची भीती असे. स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. 'सोबत' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात संगती, सहवास एवढाच त्याचा अर्थ. मराठीत त्याला संरक्षणाची छटा चढली. सोबत मिळाल्याखेरीज बाईने मुंबईची वाट धरू नये, हा नियम तिला जपणारा होता तितकाच तिला अडविणाराही होता.

भीतीनेही आपले शब्द घडविले, आणि येथे भाषेकडून एक अन्याय झाला आहे. 'भामटा' हा शब्द आपण लुच्चा, फसव्या ह्या अर्थी सहज वापरतो. पण ते एका समाजाचे नाव आहे. इंग्रजी अमदानीत ह्या समाजावर रेल्वेतील आणि गर्दीतील चोरांचा शिक्का बसला. १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. शब्द मात्र कोशात आणि बोलण्यात तसाच आहे. 'उचल्या' ह्या शब्दाचीही तीच कथा, आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच नाव देऊन ती समाजापुढे ठेवली. स्थानकावर नवख्याला 'भामट्यांपासून जप' असे सांगणारा वडीलधारा मनुष्य सद्भावनेनेच बोलत असतो, परंतु 'खिसेकापू' हा निर्दोष शब्द त्याच्या हाताशी असताना दुसरा योजण्याचे कारण नाही.

ज्याला मुंबईत कोणीच नाही त्याने काय करावे? 'हॉटेलात उतरा' हे उत्तर मराठीत फार उशिरा आले, कारण कुडाळच्या बाजारात हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा. राहावयाच्या जागेला आपण 'लॉज' म्हटले, किंवा 'गृह' हे आश्वासक पद जोडले. क्रॉफर्ड बाजाराजवळचे सरदारगृह हे त्यांतील सर्वांस ठाऊक असलेले नाव. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान तेथेच झाले. पैसे घेऊन अनोळखी माणसाला जागा देणाऱ्याने आपल्या पाटीवर 'गृह' लिहावे, ह्यात उतारूच्या मनातील शंका त्याला पुरती कळली होती असे दिसते.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, आणि कुडाळास संध्याकाळी गाडीत बसलेला मनुष्य भल्या पहाटे दादरला उतरू लागला. वेळ वाचला, पण उतरण्याची घटका अंधाराची झाली आणि धक्क्यावर येणारा गाववालाही कमी झाला, कारण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या खोल्या विस्कळीत झाल्या होत्या. गावी रिक्षाची सवय झालेल्याला दादरला ती दिसत नाही, कारण वांद्रे आणि शीव ह्यांच्या दक्षिणेस तिला परवानगी नाही. राहिली टॅक्सी आणि तिचे मीटर. हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला ही अनोळखी माणसाच्या विश्वासार्हतेची पहिली सरकारी खूण. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मूळचे कोकणचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू ह्यांनी 'कुली'स 'सहायक' म्हणण्याचे जाहीर केले, तरी मराठी प्रवासी अजून 'हमाल' अशीच हाक मारतो. भ्रमणध्वनीवरून बोलावलेल्या टॅक्सीचा चालक आता चार आकडी संकेतांक विचारतो. 'कोणाचो झील तू?' ह्या प्रश्नाचे काम ते चार आकडे करतात, आणि त्यांना जात विचारावी लागत नाही, हे नमूद केले पाहिजे.

'पोचणे' ह्या क्रियापदाचा वापर मात्र फारसा बदललेला नाही. पूर्वी सुखरूप आल्याचे कार्ड घरी टाकीत. मिळाल्याची खूण म्हणून आपण 'पोच' देतो तो शब्दही तेथलाच. आज कार्डाच्या जागी फोन आला आहे. मुलाने पहाटे 'दादरला उतारलंय' असे कळविले तरी कुडाळच्या घरी ते पोचणे धरले जात नाही. तो खोलीवर जाऊन पुन्हा फोन करीपर्यंत 'पोचलंस मां?' ही विचारणा चालू राहते.