डासाच्या अळीचा न संपणारा वंश

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याची कड सोडून पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो. विहीर खोदली तरी पाणी खारटच, म्हणून नळाला आलेलं गोड पाणी टाकी, ड्रम, रांजण, जे हाताशी असेल त्यात भरून ठेवायचं. पावसाळ्यात आशाताई आणि आरोग्य कर्मचारी घरोघर फिरतात, टॉर्च मारून भांडी बघतात, अबेट हे अळीनाशक टाकतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून बजावतात. त्या उजेडात पाण्याच्या पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकलेल्या आणि जरा धक्का लागताच वळवळत तळ गाठणाऱ्या अळ्या बहुतेक वेळा एडिस डासाच्या असतात. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच डास. याच एडिसच्या अळ्यांपासून १९६७ मध्ये पुण्यात पेशींचा एक वंश सुरू झाला. तो आजही वाढतो आहे, जगाच्या पाठीवर जिथे जिथे या रोगांच्या विषाणूंवर काम चालतं त्या असंख्य प्रयोगशाळांत.

शरीराबाहेर पेशी कायम जगवता येतात, ही कल्पना त्याहून जुनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कारेल याने १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा वाढवायला घेतला. तो पुढे ३४ वर्षं चालू राहिला. पेशी मुळात अमर असते, असं त्यावरून मानलं गेलं. पुढे १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. कारेलच्या पेशींना घातलेल्या पोषक अर्कातूनच दरवेळी ताज्या पेशी शिरत असाव्यात, असा संशय त्यानंतर बळावला. खरोखर न थांबणाऱ्या मानवी पेशी मात्र तोवर सापडल्या होत्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिला न विचारता, त्या घेतल्या गेल्या. त्याच हेला पेशी. हा अन्याय विज्ञानाच्या खात्यावर कायमचा लिहिलेला आहे आणि तो वारंवार सांगितला गेला पाहिजे.

कीटकांच्या पेशींना कर्करोगाची गरज लागत नाही. नीट जमलं तर त्या आपोआपच वाढत राहतात. पण ते नीट जमणंच फार अवघड. ऑस्ट्रेलियात टी. डी. सी. ग्रेस यांनी १९६२ मध्ये एका पतंगाच्या पेशींचा पहिला कायमचा वंश उभा केला आणि १९६६ मध्ये एडिस इजिप्ती डासाचाही जाहीर केला. पाच वर्षांनी तपासणीत निघालं की तो डासाचा नव्हताच. त्याच प्रयोगशाळेतल्या पतंगाच्या पेशी त्यात शिरल्या होत्या आणि त्यांनी डासाच्या पेशींना हुसकावून लावलं होतं.

पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केलं. तिथले के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या दोन्ही जातींच्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्या घेतल्या. अळीचं पोट जंतूंनी भरलेलं, त्यामुळे कामाची सुरुवात अंडी निर्जंतुक करण्यापासूनच होते. अळ्यांचे बारीक तुकडे करून ते पोषक द्रवात ठेवायचे. सिंग यांनी वापरलेलं मित्सुहाशी–मारामोरोश मीडियम मुळात तुडतुड्यांच्या ऊतींसाठी बनवलेलं होतं, हे कपाशीच्या शेतात तुडतुड्यांशी झुंजणाऱ्या माणसाला वाचायला बरं वाटेल. त्यात गाईच्या गर्भाचं सिरम घातलेलं. मग वाट पाहायची. तुकड्यांच्या कडेने पेशी बाहेर येऊन काचेला चिकटतात, फ्लास्कचा तळ भरला की त्यातला थोडा भाग नव्या फ्लास्कमध्ये हलवायचा. प्रयोगशाळेत याला पॅसेज म्हणतात, आणि प्रत्येक पॅसेजचा आकडा वहीत चढतो. माणसाच्या पेशींना ३७ अंश लागतात, या २८ अंशांवर खूश असतात.

१९६७ च्या ‘करंट सायन्स’मध्ये सिंग यांचा शोधनिबंध आला आणि पेशी पुण्याबाहेर पडल्या. अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शनच्या सूचीत त्या १२५ आणि १२६ या क्रमांकांनी नोंदल्या आहेत. तोवर असे विषाणू वाढवायला उंदरांची दूधपिती पिल्लं लागत. आता फ्लास्क पुरू लागला. न्यू जर्सीत व्हिक्टर स्टोलर यांना १९७५ मध्ये दुसऱ्या एका डास-पेशीवंशातला द्रव या पेशींवर घातल्यावर त्या एकमेकींत विरघळून मोठे गोळे होताना दिसल्या. फक्त कीटकांतच वाढणारा, डेंगीच्या कुळातला एक विषाणू त्यातून हाती आला. १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी अल्बोपिक्टसच्या पेशींतून एकेक पेशी वेगळी वाढवून डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू सर्वांत जोमाने वाढू देणारी शाखा निवडली : सी६/३६. त्या निबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचं नाव आहे. ही शाखा इतकी उदार का, याचं कारण २०१० मध्ये कळलं. विषाणूचा आरएनए कापणारं डायसर-२ हे डासाचं हत्यार तिच्यात बिघडलेलं आहे.

महाराष्ट्रात सिंग यांचं नाव कुणाच्या ओठावर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बार्शीला १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली, २००६ मध्ये तो राज्यभर पुन्हा उसळला, आणि त्या विषाणूला हाताळायचं जगातलं एक मुख्य साधन इथल्याच संस्थेत जन्मलेलं होतं.

पेशींच्या वंशात कूळ सांगता येणं फार मोलाचं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत जशी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लागतात, तशी इथे कुठल्या प्राण्याची, कुणी काढली, कितवा पॅसेज, ही नोंद लागते. ती तुटली की काय होतं, ते ग्रेस यांच्या फ्लास्कनं दाखवलं. १९६६ मध्येच स्टॅनली गार्टलर यांनी वेगवेगळ्या नावांनी चाललेले अनेक मानवी पेशीवंश प्रत्यक्षात हेलाच असल्याचं उघड केलं होतं. भारतात ही चोपडी सांभाळायचं काम पुण्यातच आलं. १९८६ मध्ये प्राणी-पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली, डॉ. उल्हास वाघ तिचे पहिले संचालक. पुढे तीच नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स झाली. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या पेशी तिथून देशभरच्या संशोधकांकडे जातात.

एनआयव्हीत हा वारसा डासांपाशी थांबला नाही. २००२ मध्ये तिथल्या ए. बी. सुदीप आणि सहकाऱ्यांनी हेलिकोव्हर्पाच्या भ्रूणापासून नवा पेशीवंश जाहीर केला. कपाशीवरची हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. तिला मारणारा एचएएनपीव्ही हा विषाणू जळगाव जामोदच्या शेतकऱ्याला नवा नाही. उन्हाने निकामी होतो म्हणून तो संध्याकाळी फवारायचा, आणि काही दिवसांनी मेलेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात. फवारणीचा विषाणू अजून जिवंत अळ्यांतच वाढवला जातो. तो पेशीच्या आत नेमकं काय करतो, हे पाहायला मात्र आता अळी पाळावी लागत नाही.