मधाचे धनी

औषधाच्या अनुपानासाठीं किंवा पंचामृतासाठीं बाटलींतून चमचाभर मध काढतांना, तो कोणत्या कड्यावरून आणि कोणाच्या हातानें खालीं उतरला असेल, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आज आपणांपुढें मांडावयाची हकीकत त्या हातांची आहे. इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्यांनीं तख्त उभारलें नाहीं कीं बखर लिहिली नाहीं, त्यांनाही इतिहास असतो. तो त्यांच्या चालीरीतींत शोधावा लागतो.

म्हैसूर-कोडगू, वायनाड आणि निलगिरी येथील अरण्यें जेथें एकमेकांस भिडतात, तेथें कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या तीन राज्यांच्या सीमा मिळतात. या टापूंत जेनु कुरुब नांवाची आदिवासी जमात राहते. जेनु म्हणजे कानडींत मध. कुरुब हें नांव कर्नाटकांतील मेंढपाळांसही आहे. पण तो आपल्या धनगरांसारखा समाज निराळा. जेनु कुरुबांच्या निकटच्या लोकांस तमिळ व मल्याळी मुलखांत काट्टुनायकन, म्हणजे रानाचे नायक, म्हणतात. आणि निलगिरीच्या उतारांवर कुरुंबांच्या वाड्या आहेत. मध काढणें हा या सर्वांचा वंशपरंपरागत व्यवसाय होय. तो मूळचा किती प्राचीन, याची साक्ष मध्य भारतांत मिळते. पचमढी व भीमबेटका येथील गुहांच्या भिंतींवर मध काढणाऱ्या माणसांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत.

माशांच्या जाती आपण आग्या, सातेरी, फुलोरी अशा ओळखतों. कानडी मुलखांत यांनाच हेज्जेनु, तुडुवे आणि कोलुजेनु म्हणतात. यांतील आग्या माशीचा मध विपुल, पण तो मिळविणें सर्वांत जोखमीचें. तिचें एकच मोठें पोळें उंच वृक्षाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीला उघड्यावर लोंबत असतें. एकेका वृक्षावर अशीं अनेक पोळीं दिसतात. ऋतु पालटला कीं माशा स्थलांतर करितात, आणि फुलोरा आला कीं पुन्हां त्याच वृक्षावर, त्याच कड्यावर येतात. त्यामुळें वृक्ष आणि कडे यांची ओळख ठेवणें, हें या लोकांचें पहिलें शिक्षण.

कड्यावरील मध काढण्याचें काम बहुधा अंधाऱ्या रात्रीं चालतें. आधीं कांहीं दिवस मधकरी व्रतस्थ राहतो आणि देवाची व पूर्वजांची प्रार्थना करितो. कड्याच्या माथ्यावरील झाडाला वेलींची शिडी बांधून तो खालीं उतरतो; ओल्या पानांची जुडी धुमसवून त्या धुरानें माशा उठवितो, आणि लांब बांबूनें पोळ्याचा मधाचा भाग कापून टोपलींत घेतो. खालीं शेंकडों हात दरी, भोंवतीं चवताळलेल्या माशा, आणि आधार काय तो एका शिडीचा! अशा वेळीं ती शिडी कोणी राखावी?

कुरुंबांची रूढि सांगते कीं, तें काम मेहुण्याचें. सख्ख्या भावाचें नव्हे, तर बायकोच्या भावाचें. भावाभावांत वांटणीचा तंटा असूं शकतो. पण आपली बहीण विधवा व्हावी असें कोणत्या भावाला वाटेल? भाऊबंदकी म्हणजे काय, हें महाराष्ट्राला समजावून सांगावयास नको. एका माणसाचा प्राण कोणाच्या हातीं सुरक्षित राहील, याचा निर्णय या लोकांनीं न्यायालयावांचून करून ठेवला आहे. कोणत्या कड्यावर कोणत्या कुळाचा हक्क, झाडावर खूण कोणी केली, माशांसाठीं मागें काय ठेवावयाचें, यांचेही संकेत ठरलेले असतात. पहिला मध देवाचा, आणि मग वांटणी.

हा मध रानांतच राहत नसे. निलगिरींत तोडा म्हशी पाळीत, कोटा लोहारकाम करीत व वाद्यें वाजवीत, बडगा शेती करीत, आणि कुरुंब मध व इतर रानजिन्नस पुरवीत. आपल्या बलुतेदारीची आठवण व्हावी अशीच ही देवघेव होती. बडगांच्या पेरणीचा पहिला मान कुरुंबाचा असे. मात्र हेच लोक जादूटोण्यासाठीं भयंकर मानले जात, आणि त्या भीतीपोटीं १८३५ सालीं कित्येक कुरुंबांचे बळी पडले. मान आणि भय अशीं दोन्ही त्यांच्या वांट्याला आलीं.

पुढें सरकारचा अंमल रानांत शिरला. मद्रास इलाख्याचा वन-कायदा १८८२ सालीं झाला. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १९२७ च्या वन-कायद्यांत वनोपजाची जी व्याख्या आहे, तींत कातडीं, सुळे, शिंगें, हाडें यांच्याच रांगेंत मध व मेण बसविलें आहे. व्याख्येंत वस्तु आल्या. त्या मिळविणारा माणूस मात्र आला नाहीं. कड्याचा धनी मक्तेदाराचा मजूर झाला. स्वातंत्र्यानंतर नागरहोळें येथें १९५५ सालीं अभयारण्य व १९८८ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. वाघ व हत्ती राखले पाहिजेत, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्या प्रयत्नांत जेनु कुरुबांचीं अनेक कुटुंबें रानाबाहेर गेलीं, आणि पोळीं आंत राहिलीं.

२००६ च्या वनाधिकार कायद्यानें गौण वनोपजांत मध व मेण यांचा नामनिर्देश करून, तें गोळा करण्याचा व विकण्याचा मालकी हक्क वनवासी जमातींना दिला. कागदावर तरी सव्वाशें वर्षांचा अन्याय दूर झाला. पण हक्क आणि प्रवेश या दोन गोष्टी भिन्न आहेत. २०२५ च्या मे महिन्यांत सुमारे पन्नास जेनु कुरुब कुटुंबें नागरहोळेंतील आपल्या जुन्या वाडीच्या जागीं परत गेलीं, तेव्हां वनखात्यानें हरकत घेतली.

मीं आयुष्यभर शाळेंत शिकविलें, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतों. वेलीची शिडी कशी विणावी, धूर कोणत्या बाजूनें धरावा, पोळ्यांतील किती भाग कापावा, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं. मुलगा बापाबरोबर आणि मामाबरोबर कड्यावर गेला, तरच त्याला तें येतें. एक पिढी रानाबाहेर वाढली कीं ही विद्या संपली; मग कायद्यानें दिलेला मध उतरवावयास कड्यावर जाणार कोण? हक्काचा निकाल लांबत जाईल तितकीं वर्षें या मुलांच्या शिक्षणांतून वजा होत आहेत, हें निकाल देणारांनीं ध्यानांत घ्यावें.