दोन शब्दांचा धनी

महात्मा गांधींना भाषणे लिहून देणारा कोणी नव्हता. महादेवभाई देसाई १९१७ पासून त्यांच्या सोबत होते, पण त्यांचे काम उलटे होते. गांधीजी बोलत आणि महादेवभाई टिपून घेत. तरीही गांधीजींच्या शेवटच्या मोठ्या लढ्याला नाव दिले ते दुसऱ्याच एका माणसाने. तो माणूस म्हणजे युसूफ मेहेरअली.

शांतिकुमार मोरारजी यांनी ही आठवण सांगितली आहे. मुंबईत घोषणेचा विचार चालला होता. कोणी 'गेट आउट' सुचवले. गांधीजींना ते उद्धट वाटले. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' असे शब्द पुढे केले. मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले. त्यावर कोरले होते : 'क्विट इंडिया'. गांधीजी म्हणाले, 'आमेन!'

मेहेरअली कायदा शिकलेले होते, पण राजकारणामुळे हायकोर्टाने त्यांना वकिलीची परवानगी नाकारली. भाडेकरूला जागा खाली करण्याची जी नोटीस देतात तिच्यातही हाच 'क्विट' असतो. त्यात शिवी नाही, विनवणीही नाही. त्यांच्या मनात तेच होते की नाही, कोण जाणे. आम्हाला मात्र ही निवड वकिलाची वाटते. १९२८ चे 'सायमन गो बॅक' हेही त्यांचेच.

जेऊरसारख्या गावात आम्ही शिक्षक १५ ऑगस्टला मुलांना भाषणे लिहून देतो. टाळ्या मुलांना मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, या लढ्यात आपलं कोण होतं?" तेव्हा मौलाना आझादांनंतर आम्ही मेहेरअलींचे नाव घेतो. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष आझाद होते आणि त्या वर्षी मुंबईचे महापौर मेहेरअली होते. 'आपलं' हा शब्द मात्र मेहेरअलींना रुचला नसता. ते समाजवादी होते. माणसे जमातीवारीने मोजणे त्यांना मान्य नव्हते. पण ज्या मुलाला उठता-बसता देशप्रेमाचा दाखला मागितला जातो, त्याला हे नाव ठाऊक असायलाच हवे.

त्या लढ्यात मेहेरअलींना तुरुंगात हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना सेंट जॉर्ज इस्पितळात हलवण्याची तयारी दाखवली. आणखी दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय द्या, असा आग्रह त्यांनी धरला. सरकारने तो मानला नाही. मेहेरअली तुरुंगातच राहिले. १९४३ मध्ये ते सुटले, पण तब्येत सुधारली नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.