वडिलांच्या हातातली रायफल : एम-१ गॅरंड, संग्राहक आणि स्मृतीचा पुरावा

१/१७
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे १ कोटी ६० लाख स्त्री-पुरुषांनी लष्करी सेवा केली. त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. त्यांची मुले आता स्वतः वृद्धत्वाकडे झुकली आहेत, आणि त्यांतली अनेक मुले एका विशिष्ट जुन्या रायफलीच्या शोधात असतात. ती शिकारीसाठी नको असते, संरक्षणासाठीही नको असते. वडिलांनी युद्धात जी हाताळली, ती आपल्या घरात असावी, एवढीच इच्छा असते. या इच्छेमागे एक मोठा इतिहास दडलेला आहे आणि त्या इतिहासात एक फसवी जागाही आहे. त्याविषयी हा धागा.

२/१७
ही रायफल म्हणजे ‘एम-१ गॅरंड’. तिचा कर्ता जॉन गॅरंड हा १८८८ साली कॅनडाच्या क्विबेक प्रांतात जन्मला आणि बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत आला. १९१९पासून तो मॅसॅच्युसेट्समधील ‘स्प्रिंगफील्ड आर्मरी’ या सरकारी शस्त्र-कारखान्यात नोकरीस होता. अनेक वर्षांच्या चाचण्या आणि फेररचना यांनंतर जानेवारी १९३६मध्ये अमेरिकी सैन्याने त्याची रायफल अधिकृतपणे स्वीकारली. गॅरंडने आपले हक्क सरकारला देऊन टाकले. त्याला १ लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव काँग्रेसपुढे आला होता, पण तो संमत झाला नाही. १९५३ साली तो निवृत्त झाला, तो पगारदार नोकर म्हणूनच.

३/१७
या रायफलीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी तिच्या समकालीन शस्त्रांकडे पाहावे. जर्मन आणि जपानी पायदळाची मुख्य रायफल ‘बोल्ट-अ‍ॅक्शन’ होती : प्रत्येक गोळी झाडल्यावर हाताने बोल्ट मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावा लागे, आणि आत मावत पाच गोळ्या. गॅरंडमध्ये सुटलेल्या गोळीमागच्या वायूचा दाबच हे काम करी. सैनिकाने फक्त चाप ओढायचा. आठ काडतुसांची एक पोलादी क्लिप वरून आत दाबली जाई आणि शेवटची गोळी सुटताच रिकामी क्लिप खणकन बाहेर उडे. संपूर्ण सैन्याची सर्वसाधारण रायफल म्हणून अर्धस्वयंचलित शस्त्र स्वीकारणारे अमेरिका हे पहिले राष्ट्र.

४/१७
वजन सुमारे साडेचार किलो. सराव करताना क्लिप बसवून अंगठा वेळेत न काढल्यास बोल्ट तो चिमटून टाकी, म्हणून ‘गॅरंडचा अंगठा’ हा सैनिकांच्या बोलीतला शब्दच झाला. १९४४च्या आरंभी स्प्रिंगफील्ड आर्मरीत दिवसाला सुमारे ४ हजार रायफली तयार होत होत्या आणि त्या घडवणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने होते. विंचेस्टर कंपनीने आणखी ५ लाखांहून अधिक बनवल्या. युद्धअखेरपर्यंत एकूण संख्या ४० लाखांच्या घरात गेली. कोरियन युद्धाच्या काळात उत्पादन पुन्हा सुरू झाले.

५/१७
आता मूळ प्रश्न. एखाद्या मुलीला वा मुलाला वडिलांची आठवण म्हणून रायफल घ्यायची असेल, तर पहिली पायरी खरेदीची नसते. वडिलांच्या हाती नेमके काय होते, हे आधी शोधावे लागते. चित्रपटांमुळे प्रत्येक अमेरिकी सैनिकाच्या खांद्यावर गॅरंडच दिसते. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४२मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावर उतरलेल्या मरीन सैनिकांकडे जुनी १९०३ची स्प्रिंगफील्ड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल होती. त्याच बेटावर ऑक्टोबरमध्ये आलेल्या सैन्याच्या १६४व्या पायदळ रेजिमेंटने मात्र गॅरंड आणली होती.

६/१७
शिवाय चालक, तारायंत्रवाले, तोफची आणि अनेक अधिकारी यांना हलकी ‘एम-१ कार्बाइन’ मिळत असे. तिचे उत्पादन ६० लाखांहून अधिक, म्हणजे युद्धकाळातल्या गॅरंडपेक्षाही जास्त. ती बनवणाऱ्यांत टंकलेखन यंत्रे करणारी अंडरवुड, कार्यालयीन यंत्रे करणारी आयबीएम आणि गाणी वाजवणारी नाण्यांची यंत्रे करणारी रॉक-ओला या कंपन्याही होत्या. ‘वडील महायुद्धात होते, म्हणून गॅरंड’ हे समीकरण त्यामुळे अनेकदा चुकते.

७/१७
याचे उत्तर बहुधा एका कागदात सापडते. महायुद्धानंतर सैनिकाला घरी पाठवताना जे सेवामुक्ती-पत्र दिले जाई, त्यात त्याची पलटण, त्याने भाग घेतलेल्या मोहिमा, पदके आणि नेमबाजीची पात्रता यांच्या नोंदी असत. कोणत्या शस्त्रावर तो ‘मार्क्समन’, ‘शार्पशूटर’ वा ‘एक्स्पर्ट’ ठरला, हे तिथे वाचायला मिळू शकते. घरातल्या जुन्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेला हा कागद संग्राहकाच्या दृष्टीने कोणत्याही दुर्मीळ शस्त्राहून अधिक बोलका असतो.

८/१७
कागद घरात नसेल तर सरकारी अभिलेखागार. पण तिथे एक मोठी दुर्घटना आडवी येते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल-सैनिकांच्या नोंदींपैकी अंदाजे ८० टक्के त्यांत गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या आणि सूक्ष्मचित्रेही नव्हती. पाण्याने भिजलेल्या काही फायली निर्वात कक्षांत वाळवून वाचवण्यात आल्या. कडा जळालेली ती पाने आजही हातमोजे घालून हाताळली जातात.

९/१७
म्हणून संशोधक आडवाटेने जातात. प्रत्येक तुकडीचा रोजचा ‘मॉर्निंग रिपोर्ट’ लिहिला जाई : कोण रुजू झाला, कोण जखमी, कोण रुग्णालयात. पगाराच्या नोंदींतूनही तारखा जुळवता येतात. अशा तुकड्यांतून एका माणसाची दोन-तीन वर्षे पुन्हा उभी करता येतात. एक गोष्ट मात्र या कागदांतून जवळजवळ कधीच मिळत नाही. ती म्हणजे त्याच्या रायफलीचा क्रमांक.

१०/१७
कारण सरळ आहे. रायफल सैनिकाची नसे, सरकारची असे. प्रशिक्षणात एक, जहाजावर चढताना दुसरी, जखमी होऊन परतल्यावर तिसरी, असा तिचा हिशेब चाले. घरी जाताना ती परत करावी लागे. शत्रूकडून जिंकलेले शस्त्र अधिकाऱ्याच्या सहीचा कागद घेऊन मायदेशी नेता येई. त्यामुळेच अमेरिकी घरांत जपानी अरिसाका रायफली आढळतात, आणि शरणागतीनंतर जमा झालेल्या अनेक अरिसाकांवरचे सोळा पाकळ्यांचे राजचिन्ह घासून काढलेले दिसते. शत्रूचे शस्त्र वडिलांनी घरी आणले आणि स्वतःचे तिथेच ठेवले, असा हा विरोधाभास आहे.

११/१७
परत केलेल्या गॅरंडचे पुढे काय झाले? त्या सरकारी भांडारांत उघडून दुरुस्त केल्या गेल्या. एकीची नळी दुसरीला, तिसरीचा लाकडी दस्ता चौथीला, असे भाग मिसळले. बहुतेक रायफलींची दुरुस्ती अशी एकदा तरी झाली. त्यानंतर लाखो रायफली मित्रराष्ट्रांना दिल्या गेल्या : डेन्मार्क, ग्रीस, तुर्कस्तान, दक्षिण कोरिया, फिलिपीन्स. डेन्मार्कने तर तिला ‘एम/५०’ असे स्वतःचे नाव दिले. आज अमेरिकेत विकत मिळणारी गॅरंड बहुधा असा अर्ध्या जगाचा प्रवास करून परतलेली असते.

१२/१७
ती मिळते कुठे? मुख्यतः ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ या संस्थेकडे. नागरिकांत नेमबाजीचा प्रसार व्हावा म्हणून १९०३ साली काँग्रेसने नेमलेल्या मंडळापासून तिची परंपरा सुरू होते. १९९६च्या कायद्याने तिचे रूपांतर स्वतंत्र ना-नफा महामंडळात झाले. अलाबामातील अ‍ॅनिस्टन आणि ओहायोतील कॅम्प पेरी येथे तिची केंद्रे आहेत. खरेदीदार अमेरिकी नागरिक असावा लागतो, संलग्न क्लबचा सदस्य असावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. अलीकडच्या काळात फिलिपीन्सहून सुमारे ८६ हजार आणि तुर्कस्तानातून सुमारे १३ हजार गॅरंड तिच्याकडे परत आल्या.

१३/१७
इथे वाचनाची कला लागते. रिसीव्हर, म्हणजे ज्या पोलादी चौकटीत बोल्ट सरकतो, तिच्या मागच्या भागावर कारखान्याचे नाव आणि क्रमांक असतो. स्प्रिंगफील्डचे युद्धकालीन क्रमांक साधारण ३९ लाखांच्या आत संपतात. नळीच्या बाजूला तिच्या निर्मितीचा महिना-वर्ष असतो. दोन्ही तारखा जुळत नसतील तर नळी बदलली आहे. चौकटीच्या पायाशी ‘आरआरए’ अशी खूण दिसली तर टेक्सासच्या रेड रिव्हर भांडारातली दुरुस्ती. व्यापाऱ्यांनी १९८०च्या दशकात कोरियातून आणलेल्या रायफलींच्या नळीवर आयातदाराचे नाव ठोकलेले असते. पोलाद स्वतःचे चरित्र असे थोडे थोडे सांगते, पण ज्या हातांनी ते पेलले त्यांची नावे सांगत नाही.

१४/१७
नेमकी हीच जागा फसवणुकीला उपयोगी पडते. दस्त्यावरचे तपासनिसांचे शिक्के नव्याने उमटवले जातात. ‘ही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली होती’ अशी कथा जोडली की किंमत चढते. अनुभवी संग्राहकांचा जुना दंडक म्हणूनच असा आहे : वस्तू विकत घ्यावी, तिची गोष्ट नव्हे. पण खोटी गोष्ट सांगायला विक्रेताच लागतो असेही नाही. प्रेमाने घेतलेली ‘वडिलांसारखी’ रायफल नातवंडांच्या तोंडी ‘आजोबांची’ होते आणि पणतवंडांच्या पिढीत तिला एखादी लढाईही चिकटते. कोणीही लबाडी न करता घरातला इतिहास असा खोटा होऊ शकतो.

१५/१७
महाराष्ट्राशी याची तुलना उद्बोधक आहे. त्याच युद्धात इटलीत लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची मुख्य रायफल होती .३०३ ली-एनफील्ड. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या लढाईसाठी मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतीय कायद्यानुसार .३०३ हे सामान्य परवान्यावर न मिळणारे लष्करी शस्त्र. त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांच्या घरांत मागे राहिली ती पदके, सेवापुस्तिका आणि गणवेशातले छायाचित्र. पण भारतीय सैनिकांच्या त्या काळातल्या अनेक पदकांवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली आढळते. पुराव्याच्या कसोटीवर नाव कोरलेले छोटेसे पदक निनावी रायफलीहून भारी ठरते.

१६/१७
मग निनावी रायफल घेणे व्यर्थ ठरते का? तसे म्हणता येणार नाही. तिचे वजन हातात घेतल्यावर साडेचार किलो पोलाद आणि अक्रोडाचे लाकूड घेऊन चिखलातून दिवसभर चालणे म्हणजे काय, हे पुस्तकाहून लवकर कळते. युद्धाविषयी आयुष्यभर मौन पाळलेला एखादा बाप ती पाहून क्लिप कशी बसवायची हे दाखवू लागतो आणि त्यातून पहिल्यांदा काही बोलतो. उलट एखाद्याला ती घरात नकोशीही वाटते, कारण तिच्याशी जोडलेले सारेच आठवावेसे नसते. ज्याच्या सन्मानासाठी वस्तू आणायची, तो हयात असेल तर त्याचे मत पहिले.

१७/१७
जाणते संग्राहक म्हणूनच रायफलीसोबत एक साधी चिठ्ठी ठेवतात : ही कधी, कुठून घेतली, कोणत्या वर्षी बनली, कोणते भाग बदललेले आहेत, आणि ‘वडिलांकडे होती ती या प्रकारची, हीच नव्हे’. त्या चिठ्ठीबरोबर सेवामुक्ती-पत्राची प्रत आणि शक्य असेल तर वडिलांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण. अमेरिकी काँग्रेसने २००० साली सुरू केलेला ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ अशाच आठवणी काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन करतो. रायफल शंभर वर्षांनीही विकत मिळेल. साक्ष देणारा माणूस बोलता आहे तोवरच त्याचे बोलणे टिपता येते. ज्यांच्या घरात असा एखादा वृद्ध सैनिक आहे, मग तो ओहायोत असो वा साताऱ्यात, त्यांनी वहीचे पहिले पान आजच उघडावे.