बडा पाय, बरापा

बंगळूरच्या लालबागेतल्या खडकावर चढता चढता भाचीने विचारलं, "मावशी, ह्याच्या खाली डायनोसॉर असेल?"

नाही गं. केंपेगौडांचा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा. तो घडला तेव्हा पहिला डायनोसॉर जन्मायला अजून पावणेतीनशे कोटी वर्षं होती. शिवाय बंगळूरचा हा दगड जमिनीच्या पोटात, प्रचंड उष्णतेत तयार झालेला. हाडं टिकतात ती नदी-तळ्यांच्या गाळात. गाळाचे थर साचत जातात आणि दाबाखाली त्यांचा दगड होतो. असा गाळ बघायचा तर गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात जायला हवं, आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे. तिथल्या कोटा गावावरून एका खडकथराला नाव मिळालंय. प्राणहितेपलीकडे तेलंगणातही तोच थर पसरलाय. त्यातच सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा एक लांब मानेचा, झाडपाला खाणारा महाकाय प्राणी सापडला. त्याचं नाव बरापासॉरस टागोरेई.

हे नाव नीट कान देऊन ऐका. शेवटचं 'सॉरस' ग्रीक, म्हणजे सरडा. पण आधीचं 'बरा पा'? ते बंगाली आहे: मोठा पाय. बंगाली 'पा' आणि मराठी 'पाय' ही सख्खी भावंडं, दोन्ही संस्कृत 'पाद'ची लेकरं. म्हणजे हा आपला 'बड्या पायाचा सरडा'. मला ह्या नावाचं फार अप्रूप वाटतं, कारण ते आधी शास्त्रज्ञांच्या लेखात आलं नाही. १९६१ साली मोठं खोदकाम झालं, तेव्हा मांडीचं एक हाड निघालं, सुमारे १.७ मीटर लांब. माझ्याहून चांगलं चार बोटं उंच! त्यावरूनच ह्या जनावराला ते टोपणनाव पडलं.

खोदत होती कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. आकडेमोडीची संस्था डायनोसॉर का उकरते? कारण तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस. तागाचं पीक असो की माणसांच्या शरीराची मापं, निसर्गातलं काहीही मोजून समजून घ्यावं असं मानणारा हा माणूस. त्यांनी लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला. ह्याच संस्थेचं एक केंद्र बंगळूरात म्हैसूर रस्त्यावर आहे, हे ऐकून भाचीचे डोळे चमकले.

१९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून पुढचं नाव 'टागोरेई'. सोहन लाल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये शास्त्रीय वर्णन छापलं, तेव्हा टोपणनाव अधिकृत झालं. दोन वर्षांनी कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात सांगाडा उभा राहिला.

प्राणी सुमारे १४ मीटर लांब होता, म्हणजे शहरातल्या नेहमीच्या बसहूनही लांब. दात चमच्यासारखे, कडेला दातेरी, पाला ओरबाडायला सोयीचे. पाला म्हणजे नेचे, सूचिपर्णी झाडं, सायकसची भावंडं. गवत नाही, कारण पृथ्वीवर तेव्हा गवत उगवलंच नव्हतं. गवत खाणारे लांबमाने खूप नंतरचे. चंद्रपूरजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

बरापासॉरसची सुमारे ३०० हाडं मिळाली, किमान सहा जनावरांची. सोबत झाडांचे ओंडके होते. त्यावरून संशोधकांना वाटतं की एखाद्या मोठ्या पुराने कळपच्या कळप वाहून आणला असावा.

"आणि डोकं?" भाचीने विचारलं.

सुटे दात मिळाले. कवटी एकाचीही नाही. लांबमान्यांची कवटी हलकी आणि नाजूक असते. मानेपासून ती चटकन सुटते, पाण्याबरोबर कुठल्या कुठे जाते. सहा जनावरं, बारा मांड्या, आणि तोंड मात्र कुणाचंच दिसलं नाही. म्हणून आपण त्याला पायावरूनच हाक मारतो.