व्याध, मोत्या आणि मृगाचे पाणी

वैशाखाच्या अखेरीस हिंगोलीत दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर दोनच प्राणी दिसतात. एक, ज्याला कचेरीत तारीख लागली आहे असा माणूस. आणि दुसरा, कुत्रा. त्यातला माणूस नाइलाजाने चालत असतो. कुत्रा मात्र शहाणा. आमच्या गल्लीतला मोत्या उन्हाळ्यात सकाळी नऊलाच आपली जागा धरतो. ती जागा म्हणजे आमच्या ओसरीवरच्या रांजणाखालची ओली माती. पाणी झिरपून तिथे जो हातभर गारवा तयार होतो, त्याच्यावर मोत्याची वहिवाट इतकी जुनी आहे की आता आम्हीच पाणी घेताना त्याची परवानगी घेतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या तळपायांना, आणि बाकीचा सगळा कारभार जिभेवर. म्हणून तो धापा टाकतो. आपण त्याला पाहून हसतो खरे, पण बेचाळीस अंशांत आपली जीभ बाहेर येत नाही ती केवळ लोकलाजेस्तव.

वाचकहो, उन्हाळ्याचा आणि कुत्र्याचा हा संबंध माझ्या ओसरीपुरता नाही. तो दोन-अडीच हजार वर्षांचा आहे. इंग्रज लोक कडक उन्हाळ्याच्या दिवसांना ‘कुत्र्याचे दिवस’ म्हणतात. आता कोणाला वाटेल, त्या दिवसांत कुत्री पिसाळतात किंवा सावलीला पडून राहतात म्हणून हे नाव. तसे नाही. हा कुत्रा आकाशातला आहे. ग्रीकांच्या कल्पनेत ओरायन नावाचा एक शिकारी आकाशात उभा आहे, आणि त्याच्या मागोमाग त्याचा कुत्रा धावतो. त्या कुत्र्याच्या अंगावरचा सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे सिरियस. रात्रीच्या आकाशात याहून तेजस्वी तारा नाही. अंतर जेमतेम साडेआठ प्रकाशवर्षे. भूमध्य समुद्राच्या बाजूला हा तारा काही आठवडे सूर्याच्या तेजात लपतो आणि ऐन उन्हाळ्यात पहाटे पुन्हा दिसू लागतो. सूर्याच्या उष्णतेत या ताऱ्याची उष्णता मिसळते म्हणून एवढा उकाडा, असे तेव्हाच्या लोकांना वाटे. रोमन लोक त्याला ‘कानिकुला’, म्हणजे कुत्री किंवा लहानगी कुत्री म्हणत. फ्रेंच भाषेत उष्णतेच्या लाटेला आजही त्याच शब्दावरून ‘कानिक्यूल’ म्हणतात. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उन्हाने हजारो माणसे दगावली तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत हाच शब्द छापून येत होता. म्हणजे बिचाऱ्या कुत्र्यावरचा आरोप अजून मागे घेतलेला नाही.

हाच तारा आपल्याकडे कोणता? आपला व्याध. आणि इथे मोठी गंमत आहे. ग्रीकांनी ज्या ताऱ्यांत शिकारी पाहिला, त्याच ताऱ्यांत आपल्या पूर्वजांनी शिकार पाहिली. ओरायन म्हणजे आपले मृगनक्षत्र. त्यातले मधले तीन ठळक तारे ग्रीकांना शिकाऱ्याचा कमरपट्टा वाटले. आपल्याला ते हरणाच्या पोटात रुतलेला बाण वाटले. ऐतरेय ब्राह्मणात ही कथा आहे: प्रजापती मृगाचे रूप घेऊन रोहिणीच्या मागे लागला, आणि त्याला शासन करण्यासाठी व्याधाने बाण मारला. तारे तेच, जागा त्याच. पण तिकडे जो कुत्रा, तो इकडे धनुर्धारी. आमच्या मोत्याला ही बढती कळली तर तो रांजणाखाली झोपायचा नाही.

तरी वेदांत कुत्रा नाहीच असे समजू नका. इंद्राच्या हरवलेल्या गाई शोधणारी सरमा आहे, यमाच्या दारचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत. आणि ऋग्वेदात एके ठिकाणी, वर्षाच्या शेवटी ऋभूंना जागे कोणी केले या प्रश्नाला ‘कुत्र्याने’ असे उत्तर आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या कुत्र्याची साक्ष काढली आहे. त्यांचे म्हणणे असे की हा कुत्रा म्हणजे तो तारा, आणि एके काळी वर्षाचा आरंभ त्याच्याशी जोडलेला होता. टिळकांचा काळनिर्णय आज सर्वांना मान्य आहे असे नाही. पण वेदांचे वय ठरवायला एका कुत्र्याला साक्षीदार म्हणून उभा करणारा वकील दुसरा झाला नसेल.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. हिंगोलीच्या गच्चीवरून मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेकडे पाहा. दिवस मावळल्यावर नैर्ऋत्येला, क्षितिजाच्या बरेच जवळ, एक तारा लुकलुकताना दिसेल. तोच व्याध. दिवसेंदिवस तो खाली खाली सरकतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो. नेमके त्याच सुमाराला, ७-८ जूनला, सूर्य मृगात शिरतो आणि पंचांगात मृग लागतो. सूर्याने हरणाच्या घरात पाऊल टाकले की शिकारीही लपतो. पुढे जुलैच्या अखेरीस, पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात, तो पहाटे पूर्वेकडे परत येतो. पण ढगांमुळे त्याचे दर्शन कोणाला होणार? तिकडे ग्रीसमध्ये हा कुत्रा ऊन घेऊन येतो, इकडे तो भिजत येतो. मराठी भाषेला बहुधा हे आधीच ठाऊक असावे. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या त्या पांढऱ्या अळंब्यांना आपण काय म्हणतो? कुत्र्याच्या छत्र्या!

हे सगळे गमतीचे वाटेल, पण याच व्याधाचा आमच्या मराठवाड्यातल्या कागदपत्रांशी एक चोरटा संबंध आहे. तो मला अगदी अलीकडे कळला.

सेनगावकडचा एक विद्यार्थी एके दिवशी आपल्या वडिलांना घेऊन आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, उर्दूत लिहिलेला एक जुना उतारा. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि वाळवीने सोडलेले कागद बाहेर आले. त्यातलाच हा एक. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून त्यांनी वाचून घेतले होते: ९ तीर १३४४ फसली.

“सर, हे तीर म्हणजी कोणता महिना? आन् हे साल तर शिवाजीम्हाराजाच्या बी आधीचं दिसतंय,” वडील म्हणाले.

त्यांची अडचण हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. एका कचेरीत कोणीतरी फसलीत सरळ ५९० मिळवून १९३४ असे लिहून दिले होते. घरच्या दुसऱ्या कागदावर तीच नोंद १९३५ ची. दोन कागद जुळत नाहीत म्हणून प्रकरण परत आले होते, आणि त्या पायी त्यांच्या तीन खेपा झाल्या होत्या. मुलाची प्रवेशाची मुदत जवळ येत होती.

तर हे फसली साल असे. फसल म्हणजे पीक. सरकारी सारा पिकावर वसूल होतो, आणि हिजरी साल चंद्राचे. ते दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते. पीक काही चंद्र पाहून येत नाही. म्हणून अकबराच्या काळात वसुलीसाठी सौर फसली साल सुरू झाले, आणि शहाजहानच्या वेळी ते दक्षिणेत आले. मराठ्यांच्या दप्तरांत आढळणारा शुहूर सन हा त्याचाच थोरला भाऊ. तोही मृगाच्या दिवशी सुरू होई, म्हणून त्याला लोक ‘मृगसाल’ म्हणत. पुढे निजामी राज्यात फसलीचा आरंभ ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणला गेला आणि महिन्यांना इराणी नावे मिळाली: आझर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. हैदराबादच्या मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्या राज्याच्या हिशेबात १३५७ फसलीच्या आबान महिन्यातला.

म्हणजे हिशेब असा: ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतच्या नोंदीला ५९० मिळवायचे, आणि जानेवारी उजाडल्यापासून ५९१. तीर म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तेव्हा ९ तीर १३४४ हा दिवस १९३५ च्या मे महिन्यातला. दोन्ही कागद खरे, बेरीज तेवढी खोटी. मी हे एका कागदावर मांडून दिले. कचेरीने माझा कागद मानला की नाही हा पुढचा भाग.

पण ते दोघे गेल्यावर माझ्या मनात तो ‘तीर’ रुतून बसला. हा महिना इराणात ज्या देवतेशी जोडला गेला, तिचे नाव तिश्त्र्य. आणि तिश्त्र्य म्हणजे कोण? तोच तारा. सिरियस. आपला व्याध! इराणी कथेत तो पांढऱ्या घोड्याचे रूप घेऊन अवर्षणाच्या काळ्या घोड्याशी झुंजतो आणि पाऊस सोडवून आणतो. म्हणजे पाहा, हिंगोली, कळमनुरी, वसमतचे पाटील-कुळकर्णी मे महिन्याच्या काहिलीत ज्या महिन्याचे नाव दप्तरात घालीत होते, तो पाऊस आणणाऱ्या कुत्र्याचा महिना होता. ना त्या लिहिणाराला ठाऊक, ना वाचणाराला.

कुत्र्याचा विषय निघाला आणि हिंगोलीचा माणूस नामदेवांवर आला नाही असे होत नाही. कयाधूच्या काठचे नरसी हे नामदेवांचे गाव अशी परंपरा आहे. शके ११९२, म्हणजे १२७० हे त्यांचे जन्मसाल. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, तेही पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथेही पिंड. आणि मग ती सर्वांना माहीत असलेली गोष्ट: कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी भाकरी घशात अडकेल म्हणून. कीर्तनात ही गोष्ट आली की मोठी माणसे डोळे पुसतात. लहानपणी मला मात्र त्या कुत्र्याची दया येई. मागे धावत येणाऱ्या माणसाच्या हातात तूप आहे की काठी, हे कुत्र्याने कसे ओळखावे? आमच्या मोत्याच्या आयुष्यात तरी आजवर तूप कधी धावत आलेले नाही.

दरबारी मान मिळवलेला कुत्रा पाहायचा तर साताऱ्याला जावे लागते. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. ग्रँट डफने याहून बहारीचा प्रसंग नोंदवला आहे: महाराजांनी आपल्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जवाहीर घालून, डोक्यावर स्वतःची पगडी ठेवून बसवले, आणि पुढे ती पगडी स्वतः कधी घातली नाही. नटूनथटून येणाऱ्या सरदारांनी यातून काय घ्यायचे ते घेतले असेलच.

हिंगोलीच्या छावणीत मात्र कुत्र्यांनी नाव कमावले नाही. हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी. तिथे हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीचा लेखक मेडोज टेलर याने प्रस्तावनेत लिहिले आहे की मी स्वतः त्याच्याशी व्यवहार केला होता. पुढे उघडकीस आले की हा गृहस्थ त्या मुलखातल्या ठगांचा म्होरक्या. मुंबईहून माल आणण्याचा परवाना साहेबाकडूनच घ्यायचा, वाटेत दुसऱ्या व्यापाऱ्याचा गळा आवळायचा, आणि त्याचेच कापड छावणीत विकायचे. साहेबांची एवढी कुत्री, पण हरीसिंगवर एकही भुंकले नसावे.

तर मृग आता दाराशी आला आहे, म्हणून पंचांग उघडू. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगकर्ते एक वाहन देतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवांनी भागायचे, आणि बाकीवरून वाहन ठरवायचे: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. हत्ती, म्हैस, बेडूक आले की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पाणी. कोल्हा आला की चिंता. नऊ जनावरांत गाढवालाही जागा मिळाली, कुत्र्याला नाही. मोत्याने याबद्दल तक्रार केलेली नाही.

पण याहून गंभीर एक गोष्ट पंचांगात दडलेली आहे. शिवकालात मृग लागे तो त्या वेळच्या ज्युलियन तारखेने २४ मेच्या सुमारास, म्हणजे आजच्या पद्धतीने ३ जूनला. आज तो ७-८ जूनला लागतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या वेगाने नक्षत्रे ऋतूंच्या पुढे सरकत आहेत. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल. पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने, मेघनाद साहांच्या समितीने सुचवल्याप्रमाणे २२ मार्च १९५७ पासून, हा घोटाळा टाळून महिने ऋतूंना बांधून टाकले. आकाशवाणीवर सकाळी तो भारतीय सौर दिनांक सांगतात. तो ऐकून कोणी तिफण जोडल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

तिफण जोडली जाते मृगावरच. सेनगावच्या त्या गृहस्थांना मी म्हटले, “कृषी विद्यापीठ सांगतं, पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाणी पडल्याबिगर पेरू नका.”

“खरं हाय, सर,” ते म्हणाले. “पण शेजाऱ्यानं पेरलं की आपल्याला धीर निघत न्हाई. दोन सालांमागं दुबार पेरलं. सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे अजून फिटले न्हाईत.”

परवा संध्याकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा व्याध दिसला नाही. पश्चिमेला ढगाची एक काळी रेघ होती, त्यात गेला की सूर्यात बुडाला, सांगता येईना. खाली उतरलो तर रांजणाखालची जागा मोकळी. मोत्या अंगणाच्या मध्यभागी उभा राहून, नाक वर करून, वारा हुंगत होता.