दोन घरचा पाहुणा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. युरोपात एका माणसावर हीच वेळ आली होती. काबूलमध्ये परदेशी सैन्याचा दुभाषा असलेला हा अफगाण २००८ मध्ये जीव मुठीत धरून निघाला आणि ग्रीसमार्गे बेल्जियमला पोचला. तिथं त्यानं आश्रय मागितला.

युरोपात हक्कांच्या न्यायाची दोन घरं आहेत. पहिलं स्ट्रासबर्गचं. महायुद्धाच्या होरपळीनंतर १९४९ मध्ये युरोप परिषद स्थापन झाली, १९५० मध्ये रोमला मानवी हक्कांच्या करारावर सह्या झाल्या आणि १९५९ मध्ये त्याचं न्यायालय उभं राहिलं. दुसरं घर लक्झेंबर्गचं, म्हणजे युरोपीय संघाच्या न्यायालयाचं. संघाची सुरुवात कोळसा, पोलाद आणि व्यापारातून झाली. त्याची हक्कांची सनद बंधनकारक झाली ती थेट २००९ मध्ये. संघातले सगळे देश स्ट्रासबर्गच्या करारात आहेत. संघ स्वतः मात्र नाही.

आता संघाचा नियम असा, की माणूस ज्या देशातून आत शिरला, त्याच देशानं बहुधा त्याचा अर्ज तपासायचा. शेजारी देश त्याला नीट वागवील, हे गृहीतच. त्यानुसार जून २००९ मध्ये बेल्जियमनं त्याला अथेन्सला धाडलं. तिथं आधी कोठडी मिळाली आणि मग कित्येक महिने उद्यानातली उघडी जमीन.

२१ जानेवारी २०११ रोजी स्ट्रासबर्गनं दोन्ही देशांना दोषी ठरवलं. ग्रीसमधली परिस्थिती बेल्जियमला ठाऊक असायला हवी होती आणि अर्ज स्वतः तपासण्याची मुभा त्याच नियमात होती. ‘नियम संघाचा, आम्ही काय करणार?’ ही सबब चालली नाही. त्याच वर्षी २१ डिसेंबरला लक्झेंबर्गनंही दुसऱ्या प्रकरणात तीच वाट धरली: अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल, तर माणसाला तिकडे पाठवता येणार नाही.

मग दोन्ही घरं एक झाली का? नाही. संघानं स्ट्रासबर्गच्या करारात सामील व्हावं, असं लिस्बन करारातच लिहिलं आहे. पण १८ डिसेंबर २०१४ रोजी लक्झेंबर्गनं त्यासाठीचा मसुदा नाकारला. अनेक कारणांतलं एक हे, की त्यानं सदस्य देशांच्या परस्पर विश्वासाला धक्का लागेल! २०२३ मध्ये वाटाघाटी करणाऱ्यांचं नव्या मसुद्यावर एकमत झालं. प्रवेश मात्र तेव्हाही राहिलाच.

देशांनी एकमेकांवर विश्वास जरूर ठेवावा. पण त्या विश्वासाची किंमत उद्यानात झोपणाऱ्यानं का मोजावी? दोन घरांत थोरलं कोणतं, हा वाद चालायचाच. पाहुण्याला हवं असतं ते उघडं दार.